ओठ बधिर, दाढ जागी

रूट कॅनलसाठी खुर्चीत बसलेल्या पेशंटला डॉक्टर विचारतात, "ओठ जड झाला का?" पेशंट मान डोलावतो. अर्धा ओठ सुजून लोंबतोय असं त्याला वाटत असतं, आरशात पाहिलं तर तो जागच्या जागी असतो. मग ड्रिल दाढेला टेकतं आणि पेशंट खुर्चीतून उसळतो. आणखी एक इंजेक्शन, आणखी दहा मिनिटं, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दोघं एकमेकांकडे जरा संशयाने बघू लागतात. डॉक्टरांना वाटतं पेशंट घाबरट आहे, पेशंटला वाटतं डॉक्टरांचा हात अजून बसलेला नाही. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकीचा असतो.

हा प्रकार खालच्या दाढांच्या बाबतीत घडतो, वरच्यांच्या बाबतीत फारसा नाही. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाढेच्या मुळाशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून पाझरत मुळाच्या टोकापर्यंत जातं. खालच्या जबड्याची गोष्ट वेगळी. दाढांच्या बाजूला त्याचं बाहेरचं कवच जाड आणि घट्ट असतं. तिथे हिरडीत सोडलेलं औषध बरंचसं बाहेरच राहतं. मग दंतवैद्य मागे जातात. खालच्या दातांना संवेदना देणारी नस जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूला असलेल्या एका भोकातून हाडात शिरते. पुढे ती हाडातल्या कालव्यातून दाढांच्या मुळांखालून जाते आणि हनुवटीच्या अलीकडे तिची एक शाखा बाहेर पडून ओठाला मिळते. ही नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठायचं, म्हणजे पुढचे सगळे दात आणि ओठ एकदम बधिर, असा हा हिशोब. तोंड जबडा दुखेपर्यंत उघडायला लावून अगदी मागे लांब सुई घालतात, ती याचसाठी.

हा मार्ग जवळजवळ दीडशे वर्षं जुना आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. ती बातमी न्यूयॉर्कला पोचताच तिथले तरुण सर्जन विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी काही महिन्यांतच कोकेन थेट नसांजवळ टोचून पाहिलं. त्यात खालच्या जबड्याची ही नसही होती. प्रयोग त्यांनी एकमेकांवर आणि स्वतःवर केले, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली: दोघेही कोकेनच्या आहारी गेले. हॉल्स्टेड पुढे जॉन्स हॉपकिन्सचा नामवंत प्राध्यापक झाला, तरी व्यसनाने त्याची पाठ कधी पुरती सोडली नाही. कोकेनची जागा पुढे नोव्होकेनने घेतली. १९४३ साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने लिग्नोकेन बनवलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. आज आपल्याकडच्या दवाखान्यात सिरिंजमध्ये भरलं जातं ते बहुधा हेच, सोबत चिमूटभर अ‍ॅड्रेनॅलिन घालून. औषधं बदलली, सुया बारीक झाल्या, पण सुई जाते ती हॉल्स्टेडच्याच वाटेने.

या वाटेचा भरवसा किती, हे मोजायला बराच काळ गेला. मुळात ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली, असं गृहीत धरलेलं होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात अल रीडर, जॉन नुसस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गृहीत वर्षानुवर्षं तपासलं. दाताला अगदी सौम्य वीजप्रवाह देऊन आतला गाभा जागा आहे की नाही हे पाहण्याचं एक यंत्र असतं. ते लावल्यावर दिसलं की ठणठणीत निरोगी दाढांतसुद्धा ओठ पूर्ण बधिर आणि दाढ मात्र जागी, ही स्थिती मुळीच दुर्मीळ नाही. शिवाय ओठ पाचसात मिनिटांत जड होतो, पण दाढेला दहापंधरा मिनिटं लागू शकतात. म्हणजे ओठाचा जडपणा एवढंच सांगतो की सुई बरोबर जागी पोचली. दाढेचं काय झालं हे तो सांगत नाही.

ठणकणाऱ्या दाढेत तर अवस्था आणखी वाईट. रात्री झोपू देत नाही, गार पाणी लागलं की मस्तकात कळ जाते आणि बराच वेळ थांबत नाही, अशा दाढेच्या गाभ्याला आता न परतणारी सूज आलेली असते. रूट कॅनल करायची वेळ येते ती बऱ्याचदा याच दाढांची. १९९८ साली ओहायोच्या या गटाने अशा ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचं इंजेक्शन वरवर यशस्वी झाल्यानंतरही खालच्या ८१ टक्के दाढांना जादा इंजेक्शन द्यावं लागलं, वरच्यांपैकी फक्त १२ टक्क्यांना. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, यंत्राने ज्यांची दाढ बधिर असल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यापैकीही ४२ टक्के लोकांना उपचाराच्या वेळी दुखलंच. "आता दुखणं शक्यच नाही" असं खुर्चीतल्या माणसाला सांगणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा, असं मला वाटतं.

असं का होतं? जुनं उत्तर असं होतं की सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि आम्लात औषध नसेच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. गळू झालेल्या जागीच सुई टोचली तर हे खरं आहे. पण जबड्याच्या इंजेक्शनचं औषध तिथून कितीतरी मागे, निरोगी जागेत पडतं. तिथे आम्लता कुठून यावी? आज जास्त पटणारं उत्तर नसेच्याच आत आहे. वेदनेचा संदेश नसेतून जातो तो तिच्यावरच्या सोडियमच्या बारीक वाटांमुळे, आणि लिग्नोकेन त्याच वाटा बंद करतं. मात्र या वाटा एका जातीच्या नसतात. त्यांच्यातली एक जात लिग्नोकेनला सहजी दाद देत नाही, आणि सुजलेल्या गाभ्याच्या नसांवर याच जातीची संख्या वाढलेली आढळते. शिवाय सूज उत्पन्न करणारी रसायनं नसेला इतकी हळवी करून ठेवतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श कळ होऊन येतो. काहींच्या दाढेला दुसऱ्या एखाद्या नसेची बारीक शाखाही पोचलेली असते. भीतीनेही वेदना वाढते, हेही खरं. पण भीती हे कारण शेवटी तपासायचं असतं, आधी नाही.

मग उपाय काय? नस हाडात शिरते त्या लांबच्या नाक्यावर पुन्हा पुन्हा औषध ओतून फारसा फरक पडत नाही. दाढेच्या मुळाशीच पोचायचं, तर आडवं येतं ते जाड कवच. ते भेदून औषध हाडाच्या आत सोडायचं, हेच हाडातलं इंजेक्शन. ऐकायला अघोरी वाटतं. त्यामागचं शास्त्र मात्र हाडाविषयीच्या एका गैरसमजाच्या पलीकडे गेलं की सरळ आहे. हाड म्हणजे दगड, हा तो गैरसमज. जबड्याचं हाड आडवं कापून पाहिलं तर बाहेर कवच आणि आत जाळी पडलेल्या घावनासारखा भाग दिसतो, आणि त्या जाळीच्या प्रत्येक छिद्रात मज्जा आणि रक्त असतं. दातांची मुळं याच जाळीत रोवलेली असतात. तिथे सोडलेला द्रव अडून राहत नाही, क्षणात पसरतो.

दंतवैद्यकाबाहेरच्या डॉक्टरांनी याच गुणाचा वेगळाच उपयोग केला. सस्तन प्राण्यांच्या हाडाच्या मज्जेतून रक्त कसं फिरतं हे सेसिल ड्रिंकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२२ साली दाखवलं. १९४० साली फिलाडेल्फियाच्या लिआंड्रो टोकँटिन्स याने हाडातून रक्त आणि औषधं देण्याची पद्धत मांडली आणि दुसऱ्या महायुद्धात ती जखमी सैनिकांवर वापरली गेली. पुढे शिरेत घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि ही पद्धत अमेरिकेत विसरली गेली. तिला परत उजेडात आणण्यात भारताचा हात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. इथल्या पटकीच्या साथीत शरीरातलं पाणी आटून शिरा सापडेनाशा झालेल्या रुग्णांना हाडातून सलाईन दिलं जात होतं. जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने ते पाहिलं, आणि १९८४ साली तिकडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून ही पद्धत लहान मुलांसाठी पुन्हा वापरात आणण्याचा आग्रह धरला. आज अत्यवस्थ मुलाची शीर मिळत नसेल तर गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडात सुई घालून औषध देतात, ते त्यानंतरचं. हाडात सोडलेलं औषध जवळजवळ शिरेत दिल्याइतक्याच वेगाने रक्तात मिसळतं. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे ते कामाला येणार आहे.

दंतवैद्यकातही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही दंतवैद्य ड्रिलच्या बारीक टोकाने जबड्याला भोक पाडून त्यातून औषध देत असत. पण साधनं बोजड होती, भोक नको तेवढं मोठं व्हायचं, आणि जबड्याचं लांब सुईचं इंजेक्शन तोवर स्थिरावलं होतं. पद्धत बाजूला पडली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तयार, एकदाच वापरून टाकून द्यायची साधनं आली तेव्हा ती परतली.

प्रत्यक्षात काय करतात ते जरा जवळून पाहू. आधी नेहमीचं इंजेक्शन दिलेलंच असतं. मग कापसाच्या बोळ्यावर अतिशीत फवारा मारून तो दाढेला टेकवतात. गार लागलं, तर दाढ जागी आहे. अशा वेळी ड्रिल उचलून नशीब अजमावण्यात अर्थ नसतो. आता जागा ठरवायची. शेजारच्या दोन दातांच्या हिरडीच्या कडांना जोडणारी एक आडवी रेघ मनात ओढायची, दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणी टोकातून एक उभी रेघ, आणि जिथे त्या छेदतात तिथून सुमारे २ मिलिमीटर मुळाच्या दिशेने. इथे हिरडी घट्ट चिकटलेली असते आणि दोन मुळांच्या मधोमध हाड असतं. शक्यतो दाढेच्या मागच्या बाजूची फट निवडतात. दुसऱ्या दाढेच्या मागे हात पोचायला अडचण आणि हाडही जाड, म्हणून तिथे पुढची बाजू बरी पडते. एक्स-रे आधी पाहिलेला असतो, नाहीतर मूळच टोचलं जायचं.

त्या जागी हिरडीत औषधाचे एकदोन थेंब. मग नेहमीच्याच मंद गतीच्या हँडपीसला एक छिद्रक लावतात. स्टॅबिडेंट नावाच्या साधनात हा छिद्रक म्हणजे प्लास्टिकच्या बुडात बसवलेली, टोक तिरपं कापलेली भरीव बारीक तार. तो हिरडीतून आत ढकलून हाडाला टेकवायचा आणि मग फिरवायचा, किंचित आत-बाहेर करत, म्हणजे उष्णता साठत नाही. दोन ते पाच सेकंदांत बोटांना कळतं की अडथळा अचानक सुटला, छिद्रक कवच पार करून जाळीत पोचला. त्याहून जास्त वेळ लागला तर जोर लावायचा नाही, जागा बदलायची. हाड तापलं तर त्याला इजा होते आणि क्वचित छिद्रक तुटतो. मग त्याच भोकात अगदी आखूड सुई घालून १.८ मिलिलिटरचं कार्ट्रिज हळूहळू, एकदोन मिनिटं घेत सोडायचं. पेशंटला छिद्र पाडताना बहुतेक वेळा थरथर आणि थोडा दाब एवढंच जाणवतं. औषध आत जाताना मात्र ठणकणाऱ्या दाढेत काहींना क्षणभर दुखतं, आणि ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

यातली खरी कसोटी भोक पाडण्यात नसते, ते पुन्हा सापडण्यात असते. टाचणीच्या टोकाएवढं ते भोक, त्यावर हिरडी सरकलेली, थोडं रक्त, शिवाय मागच्या दाढेपाशी नजर पोचत नाही. सुई शेजारच्या हिरडीत खुपसली गेली तर औषध परत तोंडात येतं आणि पेशंट कडू लागतंय म्हणून तोंड वाकडं करतो. कडू लागणं म्हणजे इंजेक्शन फसलं, एवढं साधं त्याचं निदान. या अडचणीवर एक्स-टिप नावाच्या साधनाने तोड काढली: छिद्रकाभोवती एक बारीक नळी असते, छिद्रक काढून घेतला की ती नळी हाडातच राहते, आणि सुई तिच्यातून आपोआप आत जाते. फ्रान्सच्या क्विकस्लीपर नावाच्या यंत्रात तर सुई स्वतःच फिरत हाडात शिरते आणि तिच्यातूनच संगणक ठरवेल त्या गतीने औषध सुटतं.

लागू पडतं तेव्हा ते लगेच पडतं. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायला नको. वर सांगितलेल्या १९९८ च्या अभ्यासात हाडातलं हे जादा इंजेक्शन ८८ टक्के वेळा यशस्वी झालं, आणि तेही अशा दाढांत, जिथे पहिला उपाय हरला होता. एरवी वैद्यकात असे आकडे एवढ्या अवघड गटात क्वचित दिसतात.

आता त्या लक्षात ठेवलेल्या वाक्याकडे. औषधासोबत अ‍ॅड्रेनॅलिन असतं, रक्तवाहिन्या आवळून औषध जागेवर टिकवण्यासाठी. हाडात सोडल्यावर त्यातलं काही झटकन रक्तात जातं. याच ओहायोच्या गटाने १९९९ साली ४२ निरोगी माणसांवर मोजमाप प्रसिद्ध केलं. १ लाखात १ प्रमाणात अ‍ॅड्रेनॅलिन असलेलं लिग्नोकेन हाडात दिल्यावर ६७ टक्के जणांच्या हृदयाचे ठोके वाढले, सरासरी मिनिटाला २८ने. बहुतेकांचे ठोके चार मिनिटांत पुन्हा मूळपदावर आले. निरोगी माणसाला यात धोका नाही. पण आधीच घाबरून बसलेल्या माणसाची छाती अचानक धडधडायला लागली आणि कुणी काही सांगितलेलं नसेल, तर त्याला हार्ट अटॅकच आला असं वाटतं. नंतर तो गावभर सांगत फिरतो की आपल्याला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे. "आता दोनतीन मिनिटं धडधडेल, मग थांबेल" एवढं एक वाक्य आधी बोललं की हा सगळा गोंधळ टळतो.

ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांचे ठोके अनियमित पडतात, किंवा जे प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी किंवा नैराश्यावरची काही जुनी औषधं घेतात, त्यांच्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन नसलेलं ३ टक्के मेपिव्हॅकेन वापरता येतं. त्याने ठोके लक्षणीय वाढत नाहीत असं त्याच अभ्यासात दिसलं. त्याचा असर मात्र लवकर उतरतो, अर्ध्या तासात काम आटोपायचं असतं. म्हणून पेशंटने काय करावं? रक्तदाबाच्या, हृदयाच्या, मनाच्या आजाराच्या सगळ्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगावीत. दाताच्या डॉक्टरला बीपीच्या गोळीशी काय करायचंय, असं म्हणून आपल्याकडे ती यादी घरीच राहते. कित्येक तास टिकणारं ब्यूपिव्हॅकेन हाडात देऊन फायदा नाही. तिथे ते जास्त वेळ टिकत तर नाहीच, वर हृदयाला त्याची विषबाधा जास्त.

काही जागा टाळायच्याच. हनुवटीच्या अलीकडे जिथे नसेची शाखा हाडाबाहेर येते तो भाग. पायरियाने हिरडी आणि हाड पोखरलेल्या जागा. पू झालेली जागा. दुधाचे दात पडून कायमचे यायचे असतील अशी मुलं, जिथे हाडाच्या आत नवे दात वाट बघत असतात, तिथे तर फार जपून. नंतरचा त्रास सहसा किरकोळ असतो: काहींना चार दिवस ती दाढ चावताना उंच लागते, थोड्यांना छिद्राच्या जागी सूज येते. भोक आपलं आपण भरून येतं.

हे साधन प्रत्येक दवाखान्यात असतंच असं नाही. त्याऐवजी कित्येक दंतवैद्य दात आणि हाड यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत सुई रुतवून जोराने औषध दाबतात. त्यासाठी पिस्तुलाच्या आकाराच्या खास सिरिंजही मिळतात. दिसायला हा वेगळा प्रकार, पण औषध तिथून जातं कुठे? दाताच्या खोबणीच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून थेट हाडाच्या जाळीत. म्हणजे हेही हाडातलंच इंजेक्शन, फक्त ड्रिलशिवाय. औषध मावतं थोडं, त्यामुळे असरही कमी वेळ टिकतो. खालच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूने आर्टिकेन या दुसऱ्या औषधाचं जादा इंजेक्शन देण्याचाही पर्याय आहे. ते हाडातून लिग्नोकेनपेक्षा चांगलं पाझरतं, पण ठणकणाऱ्या दाढेत हाडातल्या इंजेक्शनची बरोबरी करत नाही.

आणि ८८ टक्क्यांत न बसलेले उरतात. त्यांच्यासाठी शेवटचा उपाय आहे गाभ्याला छोटंसं भोक पडताच त्यातच सुई घट्ट बसवून औषध दाबण्याचा. तो क्षण फार वाईट दुखतो आणि लगेच सगळं बधिर होतं. गंमत अशी की इथे काम औषध करत नाही, दाब करतो. साधं सलाईन तसंच जोराने दाबलं तरी दाढ तितकीच बधिर होते, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. त्या एका क्षणाची पाळी कमीत कमी पेशंटवर यावी, यासाठीच सगळी मांडणी उलट्या क्रमाने करायची असते: आधी गार बोळा टेकवून दाढेलाच विचारायचं, जागी असेल तर हाडातलं इंजेक्शन द्यायचं, आणि ड्रिल त्यानंतर.